खाते उताऱ्यातली १८ हजारांची ओळ

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. कर्ज मागायला आलेल्या माणसाचा सहा महिन्यांचा खाते उतारा वाचायचा, हे माझं रोजचं काम. ऑनलाइन जुगारावर सध्या जे बोललं जातंय त्यात हा उतारा कुठेच दिसत नाही, म्हणून लिहितोय.

२०२५च्या जूनमध्ये, आयपीएल संपल्यावर, सव्विशीचा एक मुलगा आला. कायम नोकरी, वेळेवर पगार. तीन लाख हवे होते, कारण लिहिलं होतं बहिणीचं लग्न. उताऱ्यात सुरुवातीला एका खेळाच्या अ‍ॅपला ४९ रुपये, पुन्हा ४९, मग ९९, तेही फक्त मॅचच्या दिवशी. तिसऱ्या महिन्यापासून ५००, एका दिवसात सात-सात वेळा. मग दोन लोन अ‍ॅपचे हप्ते सुरू. उताऱ्यात वेळ छापलेली नसते, पण मी विचारल्यावर त्यानं आपणहून मोबाइल पुढे केला. रात्री १.५२, २.०४, २.०९.

मध्येच एका ठिकाणी १८ हजार जमा झालेले दिसले. त्याच रात्री ते तुकड्या-तुकड्यांनी परत गेले होते. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी थांबलो असतो तर बरं झालं असतं." गेली तीन-चार वर्षं माझ्या टेबलासमोर बसलेल्या अशा प्रत्येकानं हे एक वाक्य म्हटलंय. हरलेल्या पैशापेक्षा जिंकलेल्या त्या एका रात्रीनं माणूस जास्त अडकतो.

आपल्याकडे हा बाजार एवढा फुगला कसा? माझ्या मते दोन शब्दांच्या आडोशानं: कौशल्य आणि नशीब. आमचा खेळ कौशल्याचा, जुगार नव्हे, असं अ‍ॅपवाले म्हणत. इंग्रजांच्या १८६७च्या जुगार कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली बक्षीस स्पर्धांवरच्या चमारबागवाला खटल्यात तोच फरक मान्य केला, १९६७ साली रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरली आणि १९९६ साली घोड्यांच्या शर्यती. त्या काळात ते ठीकही असेल. रमीला चार माणसं जमवावी लागत, शर्यतीला रेसकोर्सवर जावं लागे. मटक्याचंही तसंच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते-बंद होते भाव मुंबईत येत, त्यावर आकडा लावण्यातून तो जन्माला आला. पण ओपन आणि क्लोज यांच्या मध्ये काही तास तरी जायचे. माणूस घरी जायचा, जेवायचा, बायकोच्या डोळ्यांत बघायचा.

मोबाइलनं ते मधले तास खाल्ले. पुढचा डाव दहा सेकंदांवर, पैसे यूपीआयनं, आणि पैसे संपले तर त्याच मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज. पत्ते लावायला अक्कल लागते की नाही, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. विचारायला हवं होतं ते एवढंच, की माणसाच्या हातून तासाभरात किती पैसे जाऊ शकतात आणि त्याला थांबवणारं मध्ये कोण आहे. तो प्रश्न वर्षानुवर्षं कुणी विचारला नाही. जाहिरातीच्या शेवटी 'सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा' ही ओळ मात्र यायची, आणि ती इतक्या घाईत म्हटली जायची की ऐकणाऱ्याच्या कानात शिरू नये.

सरकारनं आधी कराची वाट धरली. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण पैशावर २८ टक्के जीएसटी. म्हणजे जुगार वाढला तर तिजोरी वाढणार. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. ज्या धंद्यावर कायदा म्हणून लक्ष ठेवायचं, त्याच्याच उलाढालीवर आपलं उत्पन्न ठेवलं की नजर मऊ होतेच.

म्हणून ऑगस्ट २०२५चा ऑनलाइन गेमिंग कायदा मला मनापासून पटला. संसदेनं दोन दिवसांत मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे फार बरं केलं. घाईबद्दल ज्यांची तक्रार आहे त्यांचं न्यायालयात चालू दे, पण मी त्या मुलाचा उतारा पाहिलाय.

काही मित्र म्हणतात, बंदी कशाला, ब्रिटनसारखे परवाने द्या. ब्रिटनचं नीट बघा मग. २००५च्या कायद्यानं त्यांनी दार मोठं उघडलं आणि नंतर एकेक पाऊल मागे घेत गेले. दुकानातल्या मशीनवर एका डावाला १०० पौंड लावता येत, ते २०१९ साली २ पौंडांवर आणले. २०२० साली क्रेडिट कार्डावर जुगार बंद केला. २०२५ साली ऑनलाइन स्लॉटला, म्हणजे मोबाइलवरच्या चक्र फिरवायच्या जुगाराला, एका डावाला ५ पौंडांची मर्यादा, चोविशीपर्यंतच्या पोरांना २. एवढी वर्षं ज्यांची घरं बसली, त्यांना ही शहाणपणं उशिरा मिळाली. पण त्यांची एक गोष्ट आपण उचलावी. तिथे माणूस एकदा नाव नोंदवतो, की मला खेळू देऊ नका, आणि परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना त्याला दार बंद करावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बंदीच आहे, मग याची गरज काय? गरज आहे, कारण तो मुलगा दिवाळीनंतर परत आला होता. अ‍ॅप बंद झालं तसा मित्रानं त्याला 'आयडी' मिळवून दिला. परदेशातली साइट, पैसे भरायचे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यूपीआय नंबरवर. नंबर दर दोन दिवसांनी बदलतो आणि खातं कुणाच्या तरी नावावर. ती खाती भाड्याची असतात. कॉलेजच्या पोराला चार-पाच हजार देऊन पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड घेऊन जातात. पोलिसांची नोटीस येते ती त्या पोराच्या घरी.

कायद्याची खरी परीक्षा इथे आहे. साइट बंद केली की नव्या नावानं उघडते, पण पैसा शेवटी आपल्याच बँकांतून जातो. नव्या खात्यात दिवसभर चारशे-पाचशे रुपयांच्या रकमा जमा होतात आणि संध्याकाळी सगळी रक्कम उचलली जाते, हे ओळखायला डिटेक्टिव्ह लागत नाही. आम्हा लहान संस्थांनाही ते दिसतं. कळवायचं कुणाला आणि किती वेळात खातं गोठणार, याची पक्की साखळी हवी. आणि प्रत्येक खातेदाराला स्वतःच्या खात्यावर एक कुलूप घालता आलं पाहिजे: रात्री अकरा ते सकाळी सहा माझ्या खात्यातून पैसे जाऊ देऊ नका. लावलं की महिनाभर उघडायचं नाही, मी हात जोडले तरी.

त्या मुलाला आम्ही कर्ज दिलं नाही. वडिलांना घेऊन ये म्हटलं, आणि तो घेऊन आला. वडील तासभर उतारा वाचत होते, ओळीवर ओळ. १८ हजारांपाशी तेही थांबले. आता पगार वडिलांच्या संयुक्त खात्यात जातो, लोन अ‍ॅपचे हप्ते ते भरतात, मुलाच्या फोनमध्ये यूपीआय नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर पहिला फोन माझ्या टेबलावरून लावला होता, तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. कुणी तुमच्या मुलाकडे खातं भाड्यानं मागितलं असेल तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर आजच कळवा, नोटीस यायची वाट बघू नका.