‘पेमेंट रिटर्न आलं? बँकेकडून रोजचे शंभर मागा!’ जरा थांबा

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप आमच्याच कामगारांचा. मजकूर थोडक्यात असा: ऑनलाइन पाठवलेले पैसे परत आले की चूक बँकेचीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. खातेदाराचं नाव जुळलं नाही तर पैसे आपोआप परत येतात. आणि हप्त्याचं ऑटो-डेबिट बाउन्स झालं तरी केस होत नाही, ती फक्त चेकची भानगड. तळाशी ‘भरपाई मिळवून देतो’ म्हणत एक मोबाइल नंबर.

मी एका छोट्या कारखान्यात दीडशे माणसांचा पगार काढतो. महिन्याला दोन-तीन पगार परत येतातच, त्यामुळे यातलं बरंचसं रोजच्या हातातलं आहे.

शंभर रुपयांचं आधी बघू, कारण सगळ्यांच्या लक्षात तेवढंच राहिलंय. नियम खरा आहे. २० सप्टेंबर २०१९ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. पण ते परत आलेल्या पैशांसाठी नाही, अडकलेल्या पैशांसाठी आहे. यूपीआय किंवा आयएमपीएसनं कुणाला पैसे पाठवले, तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचलेच नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानात यूपीआयनं दिलेले किंवा एटीएमनं न देताच कापलेले असतील तर पाच दिवसांची मुदत. ती उलटली की दिवसाला १००, आणि तेही तुम्ही तक्रार न करता. सकाळी पाठवलेले संध्याकाळी परत आले, तर भरपाई कसली? पैसे तर आले.

त्यात नेफ्ट, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची आणखी एक पद्धत, या परिपत्रकात बसतच नाही. नेफ्टचे पैसे खात्यात घालता आले नाहीत तर समोरच्या बँकेनं ती बॅच (नेफ्टचे पैसे असे गटागटानं जातात) संपल्यापासून दोन तासांत परत पाठवायचे. उशीर केला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) अधिक दोन टक्के या दरानं व्याज. दोन्ही मिळून ८ टक्के धरले तर ४०,००० रुपयांवर दिवसाला पावणेनऊ रुपये होतात. हक्काचे आहेत, जरूर मागा, पण शंभर नव्हेत.

आता ‘चूक बँकेचीच’. मागे एका नव्या ऑपरेटरचा पगार परत आला. त्यानं दिलेलं पासबुक सिंडिकेट बँकेचं, कडेनं पिवळं पडलेलं. खाते नंबर बरोबर, पण आयएफएससी कोड, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, जुना. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. नवा कोड टाकला, तासाभरात पगार जमा.

दुसरी गोष्ट मला स्वतःला कळायला दोन दिवस लागले. पॅकिंगमधल्या एका ताईंना १४,००० पगार. एप्रिलपासून सात पगार नीट जमा झाले, आठवा परत. नंबर तोच, कोड तोच. ताई म्हणाल्या, ‘दादा, तुम्हीच काहीतरी चुकीचं टाकलंत.’ खोदून विचारल्यावर कळलं की खातं पूर्ण केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) न करता उघडलेलं, म्हणजे ‘स्मॉल अकाउंट’. अशा खात्यात आर्थिक वर्षात एक लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही, आणि शिल्लक कधीही ५०,००० च्या वर जाता कामा नये. सात चौदा अठ्ठ्याण्णव! आठव्या पगाराला दारच बंद. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण केलं आणि प्रश्न मिटला. या मेसेजच्या नादी लागून त्या काउंटरवर भांडत बसल्या असत्या तर नववाही परत आला असता.

नाव जुळण्याचा मुद्दा मात्र घातक आहे. नेफ्टमध्ये पैसे खाते नंबरावर जमा होतात, नावावर नाही, आणि रिझर्व्ह बँकेनं हे २०१० मध्येच स्पष्ट केलंय. चुकलेला आकडा दुसऱ्या कुणाच्या चालू खात्याचा निघाला तर पैसे तिकडे जातात आणि बिनबोभाट राहतात. मग त्या माणसाची संमती घेत बसा. १ एप्रिल २०२५ पर्यंत नेट बँकिंगवर नाव आधी दाखवायची सोय द्या, असं बँकांना सांगितलं गेलं होतं. पाठवण्याआधी ते नाव वाचा. ते वाचायचं काम तुमचंच.

आणि केस होत नाही? पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७, कलम २५. खात्यात पैसे नाहीत म्हणून ऑटो-डेबिट परत गेलं, कर्ज देणाऱ्यानं ३० दिवसांत लेखी नोटीस दिली आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही भरले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक बाउन्सच्या कलम १३८ चं हे सख्खं भावंडच. शिवाय तुमची बँक वेगळा दंड लावते, कर्जवाला वेगळा. हप्ता ५ तारखेचा असेल तर पैसे ४ च्या रात्रीच खात्यात हवेत. पाचला दुपारी पगार येऊन उपयोग नाही.

एका ठिकाणी मात्र बँक खरंच अडकते आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. मँडेट, म्हणजे ऑटो-डेबिटला दिलेली परवानगी, तुम्ही रीतसर रद्द केलं आणि तरीही पैसे कापले गेले, तर जबाबदारी तुमच्या बँकेची. दुसऱ्या दिवसापर्यंत निस्तरायचं, नाहीतर तिथेही रोजचे १००. रद्द केल्याची पोच तेवढी जपून ठेवा.

तक्रार करायची तर आधी स्टेटमेंटमधली रिटर्नची ओळ वाचा. कारण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं: खातं बंद, नंबर चुकीचा, शिल्लक नाही. यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, टाकून बँकेला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तिथे एक रुपया लागत नाही. मेसेजच्या तळाशी जो नंबर आहे, त्यावर एकदा फोन लावून पाहिला. पहिलाच प्रश्न होता, ‘एटीएम कार्डवरचे सोळा आकडे सांगता का?’