गंभीर आजारी मुलांच्या मुलाखती: एका दाव्याचा प्रतिवाद

सध्या सर्वत्र फिरणाऱ्या एका संदेशात असा दावा आहे की, संशोधनासाठी गंभीर आजारी मुलांच्या मुलाखती घेणे अमानुष आहे, कारण त्यांना आजाराचे गांभीर्य कळत नसते, प्रश्नांनी ती खचतात आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नाही म्हणण्याची हिंमत कुणातच नसते. यामागची कळकळ मी मानतो, दावा मात्र मान्य करता येत नाही.

मुलांना कळत नाही, हा समज १९७०च्या दशकातच मोडीत निघाला. मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी अमेरिकेत रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांमध्ये राहून निरीक्षण केले, तेव्हा कुणीही न सांगता आपला मृत्यू जवळ आल्याचे त्या मुलांना उमगलेले होते. आईवडिलांना जड जाऊ नये म्हणून ती काहीच ठाऊक नसल्यासारखी वागत होती.

प्रश्नांनी मुले खचतात, हेही सरसकट खरे नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, संशोधक पामेला हाइंड्स यांच्या अभ्यासात बळावलेला कर्करोग असलेल्या १० ते २० वर्षांच्या २० जणांनी आयुष्याच्या अखेरीच्या उपचारांबद्दलचे आपले निर्णय स्वतः समजावून सांगितले, आणि त्यांत इतरांची काळजी हे कारण ठळक होते. मोठ्यांनाच विचारले असते, तर हे हाती लागले नसते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्यांच्या हाती केमोथेरपी आहे, त्यांनीच कागद पुढे केला तर पालक सही करून मोकळे होतात. पण यावर उपाय मुलाखत थांबवणे हा नसून ती उपचार करणाऱ्या चमूबाहेरच्या व्यक्तीने घेणे हा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी अनुमती, म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार, घ्यावी लागते. ही अनुमती केवळ कागदावर राहू नये. तोंडात फोड आलेले मूल भिंतीकडे कूस वळवून पडले किंवा "आज नको" म्हणाले, तर तो नकारच समजावा आणि आईला त्याची समजूत घालायला सांगू नये.

आपल्याकडे अनेक घरांत मुलासमोर कॅन्सर हा शब्दही उच्चारत नाहीत. अशा वेळी माहितीपत्रकातून निदान फोडण्याचा अधिकार संशोधकाला नाही, म्हणून मुलाला काय सांगितले आहे हे पालकांना आधी विचारावे आणि त्याच्याशी त्याच शब्दांत बोलावे. आणि मध्येच "मी बरा होणार ना?" असे त्याने विचारले, तर खोटा धीर न देता, त्याची परवानगी घेऊन तो प्रश्न त्याच दिवशी पालकांपर्यंत आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा. ही सोय आधी केलेली नसेल, तर नैतिक समितीने त्या अभ्यासाला मंजुरी देऊ नये.