काकडी खाशील का?

डाएट सुरू करेपर्यंत मला भूक कधी लागलीच नव्हती, या निष्कर्षाला मी आलो आहे. लागायच्या आतच मी खात असे. लांबून तिची चाहूल लागली की बिस्किटाचा पुडा पुढे करून वाटेतच तिची बोळवण व्हायची. त्यामुळे आमची समोरासमोर गाठ पडली ती थेट आत्ता, चाळिशीनंतर आणि रक्ततपासणीच्या अहवालाच्या मध्यस्थीने. डॉक्टरांनी कागदावरच्या काही आकड्यांभोवती गोल काढले आणि माझ्याकडे न बघता माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "थोडं कमी करू या." त्या 'करू या'मध्ये डॉक्टर स्वतः नसतात, हे जेवायला बसल्यावर कळतं.

पोटात कावळे ओरडतात ही नुसती बोलायची पद्धत आहे, असा माझा समज होता. ते बाहेरच्यांना ऐकू जातात हे कोणी सांगितलं नव्हतं. एका मीटिंगमध्ये सहकारी खर्चाचे तक्ते दाखवत होता. सगळे गप्प. तेवढ्यात माझ्या पोटातून खर्जात एक सूर निघाला, सावकाश वर चढला आणि प्रश्नार्थक होऊन थांबला. सहकारीही थांबला. म्हणाला, "काही शंका आहे का?" मी म्हटलं, "नाही, चालू दे." पोटाने लगेच विरोध नोंदवला.

नंतर वाचलं, तेव्हा समजलं की हा आवाज म्हणजे जेवणाची मागणी नसतेच. पोट रिकामं असलं की साधारण दीड ते दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरातून निघते आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत उरलंसुरलं लोटत नेते. वरून अन्न आलं की हे काम थांबतं. म्हणजे माझ्या आत झाडलोट चालली होती. जागेपणी, बहुधा प्रथमच.

या आकुंचनांचा छडा लावायला १९१२ साली वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाच्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने नळी जोडलेला रबरी फुगा गिळला होता. फुगा पोटात, नळीचं दुसरं टोक यंत्राला, आणि भूक जाणवली की कळ दाबायची. विज्ञानासाठी माणसं फुगे गिळतात आणि मला बिनमिठाची उकडलेली भाजी गिळवत नाही.

खरी आवई उठवतो तो घ्रेलिन. जठरात तयार होणारं हे संप्रेरक १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधून काढलं. त्याची खोड अशी, की आपल्या नेहमीच्या खाण्याच्या वेळेला ते आपसूक वाढतं. मी वर्षानुवर्षं अकराला चहाबरोबर काहीतरी खात आलो, म्हणून आता अकराला पाच कमी असतानाच ते दार ठोठावतं. गंमत म्हणजे काही दिलं नाही तरी थोड्या वेळाने आपलं आपण ओसरतं. या ज्ञानाच्या जोरावर मी वाट बघायचं ठरवलं. पाणी प्यालो. कारण नसलेली कागदपत्रं लावली. एका ईमेलला इतकं सविस्तर उत्तर लिहिलं की समोरच्याने काळजीने फोन केला. घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

दुसरं संप्रेरक लेप्टिन, १९९४ सालचा शोध. ते चरबीच्या पेशींत तयार होतं आणि मेंदूला कळवतं की कोठार भरलेलं आहे, निश्चिंत राहा. डाएट सुरू झालं की त्याचं प्रमाण घसरतं आणि मेंदू दुष्काळ जाहीर करून मोकळा होतो. आता त्याला कसं समजावणार की बाबा, दुष्काळ वगैरे काही नाही, लग्नातला कोट बसवायचा आहे?

पण एवढं सगळं झालं तरी भूक परवडली. ती सरळ आहे. जे द्याल ते खाते आणि झोपते. माझा छळ मांडला तो खा-खा नावाच्या तिच्या सावत्र बहिणीने. ही जेवण झाल्यावर येते. रात्री साडेनऊच्या सुमारास मी स्वयंपाकघरात एक चक्कर मारतो. काही घेत नाही. डबे जागेवर आहेत ना एवढंच पाहतो. बायको पुस्तकातून मान वर न करता विचारते, "काय हवंय?"

"काही नाही. जरा भूक लागल्यासारखं वाटतंय."

"काकडी खाशील का?"

"काकडी नको."

"मग भूक नाहीये तुला."

हिची कसोटी ही एवढीच, आणि तिला तोड नाही. मी कायद्याचा कीस काढून पाहिला. म्हटलं, भूक आहे, पण काकडीची नाही. ती म्हणाली, "भुकेला आवडनिवड नसते." म्हटलं, दोन प्रकारची भूक असू शकते. ती म्हणाली, "असते ना. एक पोटाची, एक रिकामटेकडेपणाची." मग मी इरेला पेटून म्हटलं, आण काकडी. तिने आणली. चकत्या केलेल्या, बशीत गोल मांडून. मी एकेक चकती तिच्याकडे बघत बघत चावली. कुर्रम, कुर्रम. पाण्याला थोडा आकार दिला तर जसं लागेल तसं लागलं. अख्खी बशी संपवली. पोट टम्म झालं आणि चॉकलेटची आठवण होती तिथेच, केसभरही न हललेली.

चॉकलेटचा विचारच करायचा नाही, हा उपाय मला एका हितचिंतकाने सांगितला. याच्याइतका घातकी उपाय दुसरा नसेल. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ सालच्या आपल्या प्रयोगात लोकांना बजावलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. त्याहून वाईट म्हणजे, नंतर मुभा दिल्यावर या मंडळींना अस्वल इतरांपेक्षाही जास्त आठवलं. माझ्याकडे घंटी नव्हती, एवढंच शेजाऱ्यांचं नशीब.

हितचिंतकांबद्दल बोलायचं तर जो तो तज्ज्ञ झालेला असतो. आपण कमी खातो हे कळलं की लोक आपल्या देखत जास्त खातात आणि खाता खाता सल्ले देतात. सल्ला देणाऱ्याचा घेर मी आता आधी पाहून घेतो. तसं अनुभवी माणसानेच बोलावं म्हटलं, तर १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी स्वतः बारीक कसे झालो ते सांगणारी पुस्तिका काढली होती आणि ती हातोहात खपली. व्यवसायाने ते अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणारे. गिऱ्हाईक लांबणीवर टाकायचा असा निःस्वार्थी सल्ला त्या धंद्यात पुन्हा कोणी दिला असेल असं वाटत नाही.

डाएटने मला एक नवं व्यसन मात्र लावलं. मी पुड्यांच्या मागची बाजू वाचू लागलो. पूर्वी ती बाजू असते हेच ठाऊक नव्हतं. चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४, हा पाढा पाठ झाला. पुड्यावर कॅलरींचा आकडा इतका सोज्वळ असतो की ऊर भरून येतो. मग त्याच्या खाली, मुंगीच्या अक्षरांत, हा आकडा 'एका वेळच्या प्रमाणाचा' असल्याचं कळतं. ते प्रमाण म्हणजे अमुक ग्रॅम. मी स्वयंपाकघरातला काटा काढून तेवढे ग्रॅम मोजले. वेफर्सचा एक छोटासा ढीग झाला, त्यातला एक तुटका. हे एका वेळचं प्रमाण ज्याने ठरवलं, त्याला एकदा वेफर्स खाताना बघायचंय.

वजनाचा काटा ही निराळीच जात. पहिल्या आठवड्यात आकडा झरझर उतरला. मी घरात मान ताठ करून वावरलो, पट्ट्याचं भोक एकाने आत नेलं आणि दोघातिघांना न विचारता मार्गदर्शनही केलं. मग वाचनात आलं की सुरुवातीला उतरतं त्यात पाणीच फार असतं. शरीरात ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं आणि साठा वापरला गेला की तेही जातं. पुढच्या आठवड्यात काटा हलला नाही. ज्यांना मार्गदर्शन केलं होतं त्यांनी नेमकी तेव्हाच चौकशी केली.

रात्री झोप येईना म्हणून मी पाककृतींचे व्हिडिओ बघू लागलो. केकवर क्रीम सावकाश पसरवताना दाखवतात, तसले. आवाज बंद ठेवून. आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी शंका आली, तेव्हा मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाने धीर दिला. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आलं. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं सावरायचं, हे समजून घ्यायला ते स्वखुशीने तयार झाले होते. त्यांना दुसरं काही सुचेना. कोणी पाककृतींची पुस्तकं जमवली, कोणी ताटल्या चाटून पुसून लख्ख केल्या. त्यांची उपासमार जगासाठी होती आणि माझी पँटच्या हुकासाठी, त्यामुळे तुलना करायला जीभ रेटत नाही. पण केकचे व्हिडिओ बघणं हा वेडेपणा नाही, शरीरधर्म आहे, हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आवाज का बंद ठेवतोस?"

हळूहळू काही गोष्टी जमू लागल्या आहेत. सकाळी अंडी खाल्ली की अकराचा पाहुणा जरा उशिरा येतो, कारण प्रथिनांनी पोट भरल्यासारखं जास्त वेळ वाटतं. जागरण केलं की दुसऱ्या दिवशी खा-खा हमखास वाढते, म्हणून व्हिडिओ बंद. सगळ्यात गुणकारी म्हणजे पुडा घरातच आणायचा नाही. रात्री साडेनऊला बूट घालून खाली उतरण्याइतकी माझी कुठलीच इच्छा प्रबळ नाही.

आणि दात घासणे. जेवलो की लगेच घासतो. तोंडात तो पुदिन्याचा गारवा असेपर्यंत काहीच गोड लागत नाही. खा-खा पुन्हा आली की पुन्हा घासतो. काही रात्री तर मी न्हाणीघरात मुक्कामालाच असतो. परवा बायको रिकामी ट्यूब पिळत बाहेर आली आणि म्हणाली, "ही महिनाभर पुरायची. कोण खातंय का घरात?"

मी ती हातात घेऊन मागची बाजू वाचली. कॅलरींचा उल्लेख कुठेच नव्हता.