ग्रीनचं येलो झालं म्हणे

आज सकाळी पेपरमधून प्लॉटविक्रीचं एक चकचकीत पत्रक पडलं. येलो झोन म्हणजे घरांसाठीची जमीन, आरएल म्हणजे प्लॉटचं रिलीज लेटर, लोनची सोय, समोर पाणी. जागा बघितली आणि डोकंच फिरलं. ही खोलगट जमीन माझ्या चांगल्या पाहण्यातली आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचतं, बगळे उतरतात आणि दिवाळीपर्यंत ते सगळं पाणी जमिनीत मुरतं. आसपासच्या विहिरी त्यावरच जगतात. तिथे आता मुरुमाचे टिप्पर रिकामे होताहेत.

ग्रीनचं येलो झालं, म्हणजे शेतीची जमीन घरांसाठी खुली झाली, हे आपल्याकडे पेढे वाटून सांगतात. ती जमीन ग्रीन का ठेवली होती, हे कोणी विचारत नाही.

माझी मावशी नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला आणि नाग नदी तिच्या स्वयंपाकघरात आली. दिवाणातल्या रजया भिजून इतक्या जड झाल्या होत्या की दोघांना एक उचलत नव्हती. आणि तिचं घर काही बेकायदा नाही हो! ले-आउट मंजूर, नकाशा मंजूर, घरटॅक्स वेळेवर. सगळं कागदावर चोख आणि पाणी ओट्यापर्यंत.

मग कागद चोख म्हणजे नेमकं काय चोख?

१९६६ चा आपला नगररचना कायदा काढून वाचा. विकास आराखड्यात काय असावं, ते कलम २२ मध्ये दिलंय. त्यात पूरनियंत्रण आहे, नदीचं प्रदूषण रोखणं आहे, निसर्गाच्या जागा जपणं आहे. आणि त्याच कलमात सखल, दलदलीच्या जागा भरून घेणंही आहे! पालिकेच्या हातात दोन्ही आहे. पाणी राखायचं की बुजवायचं, हे टेबलावर बसून ठरतं, आभाळात नाही. शिवाय नदीकाठी पूररेषा आखतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जागा नदीची, तिथे घर नको, इतकं ते सरळ आहे. एवढं असूनही कलम ३७ आहेच. आराखड्यात फेरबदल करा, नोटीस काढा, महिनाभर हरकती मागवा, सरकारची मंजुरी घ्या. एक फेरबदल छोटाच दिसतो. असे छोटे छोटे फेरबदल जोडत गेलात की नाल्याला वळायलाही जागा उरत नाही.

अंबाझरी दीडशे वर्षांहून जुना. त्याचं पाणी शहर प्यायचं. नाग नदी, पिवळी नदी, गांधीसागर, फुटाळा, सोनेगाव, नाईक तलाव... हे गाव पाणी बघून वसलेलं आहे. ते वसवणाऱ्यांकडे संगणकावरचे नकाशे नव्हते, पण उतार कुठे जातो हे त्यांना कळत होतं. आपल्याला का कळू नये?

हो, माणसांना घरं लागतात, शेतकऱ्यालाही त्याच्या जमिनीचा भाव मिळायला हवा, मान्य. पण तो भाव मावशीच्या स्वयंपाकघरातून का वसूल व्हावा?

पूर ओसरल्यावर तिने घरटॅक्सच्या पावत्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या होत्या. वर्षानुवर्षांच्या पावत्या, चिखलाने तपकिरी झालेल्या. मी म्हटलं, मावशी, राहू दे गं, आता काय करायचंय त्यांचं. तर म्हणाली, "असू दे बाई, उद्या कोणी म्हणेल टॅक्स भरला नाही." तिला अजूनही वाटतं की आपल्याकडून काही राहून गेलं असेल. हे आठवलं की राग गळून जातो आणि नुसतं वाईट वाटतं.

पत्रकावरची जागा घेणारेही असेच कोणी असतील. पीएफचे पैसे, बायकोचे दागिने, बँकेचं कर्ज. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कोणी सांगतच नाही की तुमच्या हॉलखालून पाणी वाहत होतं.

म्हणून, वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक अक्षरात 'हरकती व सूचना' अशी जाहिरात दिसली की पान उलटू नका. मौजा म्हणजे गाव बघा, खसरा नंबर म्हणजे जमिनीचा क्रमांक बघा, आणि दोन ओळींची का होईना, लेखी हरकत देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. सोमवारी मी या जमिनीचा खसरा नंबर घेऊन नगररचना विभागात जाते आहे. झोन कधी बदलला आणि हरकती कोणी घेतल्या होत्या, ते विचारणार आहे. त्या भागात कोणी जुने राहणारे असाल, पाणी भरलेल्या जमिनीचे फोटो असतील, तर मला इनबॉक्समध्ये पाठवा. तारीख दिसत असेल तर फारच बरं.