टरफल म्हणे!

आज एका अंत्यविधीला जाऊन आले. आल्या आल्या फोन घेऊन बसलेय, कारण हे पोटात ठेवून मला झोप लागणार नाही. पोस्ट लांब होणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी आत्ताच पुढे सरकावं.

समोर शवपेटी उघडी. पहिल्या बाकावर गेलेल्या बाईंचा मुलगा, चाळिशी उलटलेला, हुंदका दाबत बसलेला. आणि पाळकसाहेब काय म्हणाले? "रडू नका. हे समोर दिसतंय ते नुसतं टरफल आहे. दाणा केव्हाच प्रभूकडे गेला." मग पिंजरा आला, पाखरू आलं, भाड्याचं घरही आलं. दोघातिघांनी मोठ्याने आमेन म्हटलं. त्या मुलाने घाईघाईने डोळे पुसले, चोरी पकडल्यासारखे.

टरफल!

माझ्या पप्पांना पक्षाघात झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढची दोन वर्षं दर रविवारी संध्याकाळी मी त्यांची नखं कापायचे. डावा हात ते आपणहून पुढे करायचे, उजवा मी उचलून मांडीवर घ्यायचे. उजवी करंगळी वाकडी, लहानपणी दारात चेमटलेली. ते गेले शनिवारी. रविवारी सकाळी अंघोळ घालताना बघितलं तर नखं वाढलेली. मी नेलकटर आणला. नात्यातली एक बाई म्हणाली, "आता कशाला गं? ते कुठे आहेत आता तिथे?"

मी काही बोलले नाही. दहाही बोटांची कापली. आज जे लिहितेय ते तिला तेव्हाच ऐकवायला हवं होतं.

आपण दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून काय म्हणतो? शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, असं म्हणतो ना? 'पाखरू उडून जाण्यावर मी विश्वास ठेवतो' असं तर कुठे नाही. मग दफनाच्या दिवशी आपल्याला अचानक प्लेटो का आठवतो? शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग, ही त्याची शिकवण. प्लेटो मोठा माणूस, मान्य. पण तो काही प्रेषित नव्हता.

बायबलमधल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय काढा. देवाने मातीचा माणूस घडवला, नाकपुड्यांत श्वास फुंकला आणि माणूस जिवंत जीव झाला. आत जीव ठेवला असं तिथे म्हटलेलं नाही, झाला असं म्हटलंय. तिथला मूळ हिब्रू शब्द नेफेश. त्याचा अर्थ जीव, श्वास, आणि चक्क घसासुद्धा! पहिल्या अध्यायात पाण्यातल्या जलचरांनाही हाच शब्द आहे. म्हणजे नेफेश ही शरीराच्या कपाटात ठेवलेली वस्तू नाही. तहान लागणारा, धाप लागणारा अख्खा माणूस म्हणजे नेफेश. (डंकन मॅकडुगल नावाच्या एका डॉक्टरने मरणाच्या दारातली सहा माणसं वजनकाट्यावर ठेवली, 1907 साली ते छापलं आणि त्यातून ते आत्म्याच्या एकवीस ग्रॅमचं खूळ निघालं. आज बाहेर उभं असताना तेही एकाने मला ऐकवलंच. हसू की रडू कळेना.)

मला माहीत आहे, आता कुणीतरी खाली वचनं टाकणार. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आत्मा, जीव आणि शरीर असे तीन वेगळे सांगितलेत. वधस्तंभावरच्या चोराला 'आजच' सुखलोक मिळाला. प्रेषित पौलाला देह सोडून ख्रिस्ताजवळ जाऊन असावंसं वाटत होतं. आहेत, ही वचनं आहेत, मी खोडत नाही. मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात माणूस प्रभूजवळ असतो, हे मीही मानते. पण मधला मुक्काम म्हणजे घर नव्हे!

आणि दाण्याचं म्हणाल तर तो दृष्टांत पौलाचाच आहे, करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15. फक्त पाळकसाहेबांनी तो उलटा धरला. पौलाच्या बोलण्यात शरीर हाच दाणा आहे. जो मातीत पेरला जातो तो. टरफल कुणी पेरतं का हो?

पप्पांच्या आजारपणात एकजण प्रार्थनेला यायचे. खाटेशी उभे राहून पप्पांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे, "शरीर निकामी झालंय, पण आतला आत्मा शाबूत आहे, काळजी करू नकोस." त्यांचा हेतू चांगला होता, हे आज म्हणते. तेव्हा राग यायचा. कारण पप्पा ऐकत होते! एकदा नेलकटर जरा खोल लागला तर भुवई उडवून असं बघितलं माझ्याकडे, की मी तीनदा सॉरी म्हटलं. ते कुठे आत कोंडलेले नव्हते. त्या भुवईत होते.

संत ऑगस्टीनने माणसातली देवाची प्रतिमा शोधली ती मनात. स्मृती, समज आणि इच्छा, ही त्याची तिकडी. इतक्या थोर माणसाशी मी कशाला भांडू? पण भांडतेच. शेवटच्या महिन्यांत पप्पांना आईचं नाव आठवत नव्हतं. मग काय, प्रतिमा एक तृतीयांश पुसली गेली? उत्पत्तीत तर लिहिलंय, देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला. माणूस. त्यात करंगळी आली की नाही?

थॉमस अक्वायनस मला यासाठीच आवडतो. आत्मा मरणानंतर टिकतो हे तेराव्या शतकातला हा धर्मपंडित ठासून सांगतो, आणि तरीही करिंथकरांच्या त्याच अध्यायावर लिहिताना म्हणतो, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. बस! नुसता आत्मा वाचला तर मी वाचले असं होत नाही. पुढे 1312 मध्ये व्हिएनच्या धर्मपरिषदेने तर आत्मा हा शरीराचं रूपच आहे, असं शिक्कामोर्तब केलं. रूप म्हणजे बाहेरचा आकार नव्हे, ज्याच्यामुळे माती माणूस होते ते.

मग शरीराचा हा तिटकारा आपल्यात शिरला कुठून? मला वाटतं, 'देह' या शब्दापासून. पौल देहाची कर्मं म्हणतो आणि आपल्याला लगेच कातडी दिसते. गलतीकरांस पत्रातली ती यादी एकदा सावकाश वाचा. व्यभिचार आहे, दारूबाजी आहे, पण वैर, मत्सर, भांडणं, तट पाडणं हेही त्यातच आहे. मत्सर करायला हातपाय लागतात का? मंडळीत तट पाडणारी माणसं चांगली आध्यात्मिक म्हणून मिरवतात! पाप सगळ्या माणसात शिरलेलं आहे, मनात आणि आत्म्यातसुद्धा. सगळा दोष शरीरावर ढकलला की आत्मा कसा स्वच्छ, इस्त्रीचा. सोयीचं आहे, दुसरं काय.

दुसऱ्या शतकात काही लोक म्हणत होतेच, की शरीर हलकं आणि खरा प्रकाश आत. इरेनेयस नावाच्या बिशपने त्यांच्याविरुद्ध लेखणी झिजवली. येशू उठला तो जखमांसकट उठला, शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. मेलेल्या लाजराला आपण चार घटकांत उठवणार हे ठाऊक असूनही कबरेपाशी तो रडला. त्याला कुणी नाही म्हणालं, रडू नका, टरफल आहे. आणि त्या बाया? पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या मृतदेहाकडेच निघाल्या होत्या. आता कशाला गं?

एवढं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय, तर एक गोष्ट सांगायलाच हवी. झाकण लावायच्या आधी पाळकसाहेब पेटीजवळ गेले. बाईंच्या पदराची घडी कपाळाकडे सरकली होती. त्यांनी ती दोन बोटांनी अलगद मागे घेतली, केस नीट केले आणि क्षणभर हात तिथेच ठेवला. कुणी बघतंय का याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. टरफलाशी असं कोण वागतं? जे त्यांच्या हाताला ठाऊक होतं ते तोंडाला कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच. त्यांना मी फोन करणार आहे. भांडायला नाही. म्हणजे थोडं भांडेन.

तो मुलगा मात्र शेवटपर्यंत रडला नाही.

माझ्या घरच्यांनो, इथेच लिहून ठेवते. माझ्या वेळी करिंथकरांस पहिलं पत्र वाचा, अध्याय 15, 35 व्या वचनापासून. पाखराचं गाणं नको. रडायचं तर रडा. आणि झाकण लावण्याआधी नखं बघून घ्या.