‘थंडीनं डिझेल गोठतं’ म्हणे! इंदुरात?

मालव्यात गारवा सुरू झाला की हा मजकूर मोबाइलवर हमखास उगवतो. यंदा मला तो आधी देवास नाक्यावरच्या एका ड्रायव्हरनं पाठवला, मग सेंधव्याच्या मामेभावानं, आणि परवा चक्क रामबागेतल्या काकूंनी. त्यांच्या दारात स्कूटरपलीकडे काही नाही. मजकूर थोडक्यात असा: जुना डिझेल ट्रक सकाळी सुरू होत नसेल तर डिझेल गोठलेलं असतं. टाकीत पाच लिटर पेट्रोल ओता, हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा) बदला, एअर क्लीनरपाशी ईथरचा स्प्रे मारा, मोठी बॅटरी टाका, तरी नाही जमलं तर इंजिनात डिझेल सोडणारा पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवायला, द्या.

घरात बावीस वर्षं ट्रकचा धंदा आहे, म्हणून उत्तर लिहितोय.

डिझेल गोठण्यापासून सुरुवात करू. थंडीत डिझेलमधलं मेण बाहेर येतं आणि फिल्टर तुंबतो, हे खरं. पण आपल्याकडच्या मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे. इंदूरची जानेवारीतली पहाट बहुतेक दिवस ९-१० अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली की पारा पाचावर किंवा त्याखालीही उतरतो, पण अशा सकाळी मोजक्याच. लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहणारं वेगळं डिझेल २०१९ मध्ये आणावं लागलं, ती गोष्ट निराळी. शिवाय मेण धरलं तर गाडी बरेचदा सुरू होते आणि दोन-चार मिनिटांत दम सोडते. तुमची गाडी सुरूच होत नसेल तर खोट दुसरीकडे शोधा. अपवाद एकच: उन्हाळ्यात भरलेली टाकी घेऊन महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी.

आता पेट्रोल. या सल्ल्यानं माझं डोकं फिरतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सतराएक पटीनं दाबतो, हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात पडलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पेट्रोल असं सहजी पेटत नाही, म्हणून तर त्याला ठिणगीचा प्लग लागतो. म्हणजे सुरू व्हायला कुरकुरणाऱ्या गाडीत तुम्ही पेटायला कुरकुरणारं इंधन ओतताय. वर इंजिनाच्या डिझेल पंपातल्या प्लंजरना (दट्ट्यांना) वंगण डिझेलचंच असतं, ते पातळ होतं, आणि टाकीत वाफ साचते ती वेगळीच.

हीटर प्लगच्या मुद्द्यावर मात्र अर्धे गुण देतो. आपल्या पिथमपुरात बनलेल्या जुन्या ट्रॅक्ससारख्या गाड्यांत मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याचं इंजिन असायचं. त्यात डिझेल आधी छोट्या कोठडीत पेटतं, त्यामुळे थंड इंजिनाला हीटर लागतोच. पण टाटाच्या ६९७ किंवा ४९७ इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडतं. तिथे हीटर प्लग नसतोच, मग बदलायचं काय? (६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, म्हणून ६९७. हे सांगितलं की नवे पोरगे उगाच खूश होतात.)

स्प्रेबद्दल थोडक्यात: ईथर फार लवकर आणि फार जोरात पेटतं. पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट झाला की पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. ज्या गाडीत हीटर आहे, तिथे तर आगीशी खेळ. ‘गाडीला स्प्रेची सवय लागते’ असं मिस्त्री म्हणतात. सवय वगैरे काही नसते. अशा गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबायची ताकद, मुळातच कमी असतं, आणि स्प्रे ते आणखी खाली नेतो.

बॅटरीचा सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) हळू फिरला की दाबलेली हवा रिंगांवाटे निसटते, उरलेली ऊष्णता थंड भिंती पिऊन टाकतात. पण सेल्फ हळू फिरण्याला नेहमी बॅटरीच जबाबदार नसते. ट्रकमध्ये १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. सेल्फ मारताना दोन्ही मिळून व्होल्टेज १९ च्या वर टिकत असेल तर बॅटरी बिचारी ठीक आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर बॅटरीच्या निगेटिव्हला इंजिनाशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलीय. खरवडून घट्ट बसवा. आमच्या ओळखीच्या एकानं वर्षात बॅटरीच्या दोन जोड्या बदलल्या, पट्टी मात्र तशीच!

पंपाचं म्हणाल, तर त्याआधी एक प्रश्न विचारा: गाडी थंड असताना अडते की गरम? एलिमेंट (आतला प्लंजर आणि त्याची नळी) झिजलेला पंप बहुधा गरम असताना त्रास देतो. बिजासन घाट चढून आलात, ढाब्यावर चहा प्यायलात, आणि गाडी परत सुरू होईना, तर पंपावर संशय घ्या. डिझेल गरम होऊन पातळ झालेलं असतं, ते झिजलेल्या फटीतून परत निसटतं. सकाळी अडून दुपारी एका झटक्यात सुरू होणारी गाडी पंपवाल्याकडे नेली तर हजारोंचं बिल होईल, सकाळ मात्र तशीच राहील.

सगळ्यात मोठं कारण तर त्या मजकुरात नाहीच: एअर. गाडी रात्री एअर घेते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरते, डिझेल पाइपातून टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी पंप कोरडा. मागच्या डिसेंबरात आमच्या गाडीनं तीन आठवडे छळलं. गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलायला लावली, मग पंप उतरवायचा म्हणाला. बाबांनी सांगितलं, आधी सायलेन्सरकडे बघ. सेल्फ मारताना दाट पांढरा धूर आला तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही: कॉम्प्रेशन, टायमिंग (डिझेल सोडायची वेळ), टॅपेट (व्हॉल्व्हची फट), सेल्फचा वेग बघ. धूरच नाही तर डिझेलच पोचत नाही. आमच्याकडे धूर नव्हता. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारण्याआधी फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हँडपंप मारला. पंचवीसएक वेळा भुसभुशीत, मग कडक. त्यानंतर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू.

गळती कुठे, ते शोधणं कटकटीचं, कारण थेंब कुठेच पडत नव्हता. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढणारी असते. चालत्या गाडीत तिथून डिझेल गळत नाही, हवा आत येते. शेवटी कॅनमध्ये डिझेल घेऊन पाइप थेट फीड पंपाला जोडला आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू! म्हणजे खोट टाकीकडच्या बाजूला. चेसिसच्या क्लॅम्पखाली रबरी पाइप घासून चिरला होता, नव्या रंगाच्या थराखाली दडलेला.

काकूंना मी एवढंच कळवलं की स्कूटरमध्ये पेट्रोल घालायला हरकत नाही.