शंभरपैकी शंभर तर ‘वेन्सडे’लाही पडतात

सेमिस्टरचे निकाल लागले की एम.ए., एम.एस्सी.च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. इंग्रजी अक्षरांना १ ते २६ आकडे द्या. ‘नॉलेज’ची बेरीज ९६, ‘हार्डवर्क’ची ९८ आणि ‘अ‍ॅटिट्यूड’ची पूर्ण १००. पाठोपाठ हार्वर्डचा दाखला: यशात ८५ टक्के वाटा वृत्तीचा. शेवटी टोला: पीजीला सगळे हुशारच असतात, मार्क कमी पडले तर अ‍ॅटिट्यूडच खराब.

बेरीज बरोबर आहे. ‘वेन्सडे’चीही १००च भरते. पेपर बुधवारी असला म्हणजे झालं!

८५ टक्क्यांचं मूळ शोधत गेलं की हार्वर्ड लागत नाही, १९१८ सालचा चार्ल्स मान यांचा अभियांत्रिकी शिक्षणावरचा अहवाल लागतो. यशाला काय लागतं, असं इंजिनिअरांना विचारलं होतं. तांत्रिक ज्ञानापेक्षा व्यक्तिगत गुणांचा उल्लेख सातपट आला. म्हणजे मोजली गेली ती इंजिनिअरांची मतं. विद्यार्थ्यांचे मार्क त्यात कुठेच नाहीत. शिवाय त्या गुणांत व्यवहारज्ञान, सचोटी, अचूकपणाही होता. त्याला नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ कसं म्हणणार?

तिसऱ्या मुद्द्यात, म्हणजे मार्क अ‍ॅटिट्यूडवर ठरतात या टोल्यात, थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा २०१२ साली रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी घेतला. ‘मला इतके मार्क पडतील’ हा विश्वास आणि प्रत्यक्ष मार्क यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५९ निघाला. भरपूर आहे. पण एम.ए.ला आलेली मुलगी ‘साठ-बासष्ट पडतील’ म्हणते ती कशाच्या जोरावर? बी.ए.च्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका तिच्या फाइलमध्ये असतात. आधी मार्क आले, मागून विश्वास आला. फॉरवर्डने क्रम उलटा लावला. ‘बुद्धी वाढवता येते’ या बहुचर्चित धारणेचा मार्कांशी संबंध तर २०१८च्या आढाव्यात सरासरी जेमतेम ०.१० भरला.

आणि वृत्ती म्हणजे कशाबद्दलची? आपल्याकडे हॉस्टेल आणि लायब्ररी मिळावी म्हणून एम.ए.ला नाव घालणारे कमी नाहीत. दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत काढतात, पण समोर पुस्तक राज्यसेवेचं. ‘अभ्यासाची आवड’ मोजणाऱ्या प्रश्नावलीत हे पहिले येतील, एम.ए.च्या निकालात काठावर. यांना आळशी कोण म्हणेल?

वर्गातल्या हजेरीचा मात्र त्या विषयाच्या मार्कांशी बऱ्यापैकी संबंध दिसतो. २०१०च्या क्रेडे आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात तो ०.४४ होता. आता हजेरी कमी म्हणजे पुन्हा अ‍ॅटिट्यूडच, असं कोणी म्हणेलच. माझ्या वर्गात पहिला तास बुडवणारे दोघं आहेत. एक रात्रपाळी करून येतो. दुसरीच्या गावाहून पहिली एसटी सुटते, तेव्हा आमचा तास सुरू झालेला असतो.